कापूस, मँचेस्टर आणि सिंफनी

सिंफनीच्या इतिहासात रचनाकारांची नावे येतात, शैलींची चर्चा होते. वाद्यवृंदाचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न सहसा मागे पडतो. साठ-सत्तर वादक वर्षानुवर्षे एकत्र ठेवायचे तर एखाद्या शहरापाशी बरीच शिल्लक असावी लागते. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातून पाहणाऱ्याला ही शिल्लक कुठून आली, हे विचारावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

चार्ल्स हॅले या जर्मन संगीतकाराने १८५८ साली मँचेस्टरमध्ये आपला वाद्यवृंद उभा केला. ते शहर कापडगिरण्यांचे होते. त्याच्या श्रोतृवर्गात आणि आश्रयदात्यांत कापसाचे व्यापारी होते. गिरणीकामगारांनाही येता यावे म्हणून काही तिकिटे स्वस्त ठेवण्याचा हॅलेचा आग्रह होता. पुढे तीनच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्रजांच्या हाती असलेल्या वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे लँकेशायरचे लक्ष गेले. इथे सरळ रेषा ओढण्याचा मोह आवरला पाहिजे. आपला आखूड धाग्याचा कापूस त्या गिरण्यांना फारसा मानवत नव्हता आणि पुढे त्याचा मोठा भाग मुंबईच्या व इतर देशांच्या गिरण्यांकडे वळला. तरी हे दोन प्रदेश एकाच बाजारपेठेने बांधले गेले, एवढे खरे. यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’ गाडी सत्तर वर्षे ओढणारे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडले होते.

मुंबईतही आश्रयदाते गिरण्या आणि व्यापारातूनच आले. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यातले पुष्कळ वादक गोव्याचे होते आणि त्यांची पोटापाण्याची सोय हॉटेलांत व चित्रपटांच्या स्टुडिओंत होती. सिंफनी ही त्यांची सायंकाळची हौस होती, असे म्हटले तरी चालेल. पूर्ण वेळचा वाद्यवृंद पोसण्याची तयारी मात्र मुंबईने दाखवली नाही. १९५५ साली मेहली मेहता इंग्लंडला गेले आणि रुजू झाले ते हॅलेच्याच वाद्यवृंदात!

त्याआधी वर्षभर त्यांचा मुलगा झुबिन व्हिएन्नाला शिकायला गेला होता. वडिलांच्या तालमी आणि ध्वनिमुद्रिका यांवर वाढलेल्या या मुलाने तिथे कार्ल बोम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकली. हीच कृती प्रत्यक्ष ऐकताना काय वेगळे घडते? आरंभीच टिंपनीचे ठोके अंगावर येतात. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीन ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग नुसते बसून असतात. त्यांचा प्रवेश चौथ्या भागात होतो. ध्वनिमुद्रिकेत त्यांचे मौन ऐकू येत नाही. सभागृहात ते डोळ्यांना दिसते आणि त्यांनी वाद्य ओठांशी नेले की श्रोत्याची अपेक्षा ताणली जाते. हे नाट्य यंत्रातून मिळत नाही.

ते अनुभवायला आज मुंबईस जावे लागते. नरिमन पॉइंटच्या ‘एनसीपीए’त २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आजवर त्यात कझाकस्तानसारख्या देशांतले वादक मोठ्या संख्येने आले आहेत. यवतमाळच्या रसिकाने त्यासाठी धामणगावला जाऊन रात्रीची गाडी धरायची. तिकिटापेक्षा प्रवासच महाग पडतो आणि हॅलेच्या स्वस्त तिकिटांची आठवण होते.

अर्थात व्हायोलिनांचा ताफा विदर्भाच्या कानांना अपरिचित नाही. तंबूतल्या सिनेमातून तो कधीच पोहोचला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चित्रपटसंगीतात वाजवत होते, प्यारेलालना शिकवत होते. १९५८ साली त्यांनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर बेतलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. तो प्रयोग फार चालला नाही आणि गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले. १९७७ साली प्यारेलालनी गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले, ते गाणे यवतमाळच्या पानटपरीवरही वाजले. त्या नावामागे एक वाद्यवृंद होता, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?