एकाच घरातले दोन अनोळखी कॉम्प्युटर

घरात एक जुना डेस्कटॉप असतो. त्यात दहा-बारा वर्षांचे फोटो असतात: ताईचं लग्न, आजीची पंचाहत्तरी, बंद पडलेल्या फोनमधून कधीतरी उतरवून ठेवलेले व्हिडिओ. शेजारच्या खोलीत नवा लॅपटॉप असतो. दोन्ही एकाच वाय-फायवर, दोन्हींवर इंटरनेट झकास. पण लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं तर डेस्कटॉप दिसत नाही. दिसलाच तर उघडत नाही. उघडायला गेलं की पासवर्ड मागतो, आणि तो तर कुणी कधी ठेवलेलाच नसतो. शेवटी आपण पेनड्राइव्ह शोधायला लागतो. नाहीतर वीस फुटांवरच्या मशीनकडे फोटो पाठवण्यासाठी ते आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर चढवतो.

'काहीतरी बिघडलंय' असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. दारं मुद्दाम लावलेली असतात. यातलं बरंचसं दार कुठल्या साली, कशामुळे लागलं हे सांगता येतं. तो इतिहास कळला की कुठलं दार उघडायचं आणि कुठल्या दाराला हात लावायचा नाही, हेही कळतं.

सुरुवात १९८३च्या सुमाराची. आयबीएममधले बॅरी फायगेनबॉम एका साध्या प्रश्नावर काम करत होते. डॉसवरचा प्रोग्रॅम आपल्याच डिस्कवरची फाइल मागतो. ती मागणी वायरीवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवली आणि प्रोग्रॅमला फरक कळूच दिला नाही तर? या प्रश्नाच्या उत्तराला नाव मिळालं 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', म्हणजे एसएमबी. आज तुमचा लॅपटॉप डेस्कटॉपकडे फाइल मागतो, तो याच भाषेच्या नव्या पिढीत.

मशीनने मशीनला ओळखायचं कसं, हा पुढचा प्रश्न. १९८४च्या आयबीएम पीसी नेटवर्कसाठी सायटेक या कंपनीने नेटबायोस तयार केलं होतं. त्यात नाव नोंदवायला कुठलंही मध्यवर्ती रजिस्टर नव्हतं. मशीन सुरू झालं की ते वायरीवर ओरडून विचारायचं, 'हे माझं नाव, कुणाची हरकत?' उत्तर आलं नाही की नाव त्याचं. ऑफिसातली मोजकी मशीन्स, एक केबल, सगळे ओळखीचे. अनोळखी माणूस या वायरीवर येईल, ही शक्यता कुणी हिशेबात धरलेलीच नव्हती.

हीच व्यवस्था मायक्रोसॉफ्टने घराघरांत नेली. ऑक्टोबर १९९२मध्ये 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स' आलं आणि ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५. त्याच्या डेस्कटॉपवर एक आयकॉन होता, 'नेटवर्क नेबरहूड'. म्हणजे शेजार. या शेजारात कोण कोण आहे याची यादी ठेवायला मशीन्स आपापसांत चक्क निवडणूक घ्यायची. जिंकणारं मशीन 'मास्टर ब्राउझर' व्हायचं. बाकीच्यांनी साधारण दर बारा मिनिटांनी हजेरी लावायची. लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कटायचं. त्यामुळे बंद केलेलं मशीन अर्धा-पाऊण तास यादीत दिसत राहायचं आणि नुकतंच चालू केलेलं मशीन बराच वेळ दिसायचंच नाही. 'थांब, जरा वेळाने दिसेल' हा त्या काळातल्या जाणकारांचा सल्ला त्यामुळे अगदी शास्त्रशुद्ध होता.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हा संशोधक विद्यार्थी वेगळ्याच कारणाने अडला होता. त्याला आपल्या युनिक्स मशीनवरची डिस्क पीसीवर हवी होती. १९९१च्या अखेरीस त्याने दोन मशीन्समध्ये काय बोलणं चालतं ते एका प्रोग्रॅमने टिपून घेतलं आणि त्यावरून स्वतःचा सर्व्हर लिहिला. पुढे ही पद्धत समजावताना तो फ्रेंच कॅफेची उपमा द्यायचा. भाषा येत नसेल तर कॅफेत बसावं, कुणी काय म्हटल्यावर वेटर काय आणून देतो ते पाहावं, आणि शिकत जावं. आपण ज्या भाषेवर काम करतोय ती मायक्रोसॉफ्टची मशीन्सही बोलतात, हे त्याला बऱ्याच नंतर समजलं.

१९९४मध्ये त्याला प्रोग्रॅमचं नाव बदलावं लागलं, कारण जुन्या नावावर एका कंपनीचा हक्क होता. त्याने कॉम्प्युटरमधल्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यातून निघाला 'सांबा'. पुढे युरोपीय महासंघाच्या खटल्यानंतर डिसेंबर २००७मध्ये सांबाच्या मंडळींना मायक्रोसॉफ्टची अधिकृत कागदपत्रं १०,००० युरो भरून मिळाली. वाय-फाय राउटरला हार्ड डिस्क जोडून घरभर सिनेमे पाहणाऱ्यांच्या राउटरमध्ये अनेकदा हाच सांबा राबत असतो.

आता शेजाराची दुसरी बाजू. ऑफिसच्या केबलसाठी रचलेली भोळी व्यवस्था मोडेमवरून इंटरनेटला जोडली गेली. फाइल शेअरिंग चालू ठेवून डायल-अप केलं, तर तुमची डिस्क अख्ख्या जगाच्या शेजारात यायची. पासवर्ड होता, पण कसला? ऑक्टोबर २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती काढली. विंडोज ९५, ९८ आणि एमई पासवर्ड तपासताना, त्याची लांबी किती ते समोरच्या मशीनलाच सांगू द्यायची. समोरच्याने 'एक' म्हटलं की फक्त पहिलं अक्षर तपासलं जायचं. कुलूप होतं, पण पहिल्या दातावरच उघडणारं.

मग एकेक दार लागत गेलं. विंडोज एक्सपीने ठरवलं की पासवर्ड नसलेलं खातं फक्त त्या मशीनसमोर बसूनच वापरता येईल, नेटवर्कवरून नाही. हा नियम आजही आहे. घरात 'कशाला हवा पासवर्ड' म्हणून रिकामा ठेवलेला पासवर्ड लॅपटॉपवरून चालत नाही, तो म्हणून. ऑगस्ट २००४मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ने फायरवॉल आपोआप चालू केली. व्हिस्टाने नेटवर्क घरातलं की सार्वजनिक, हे विचारायला सुरुवात केली. सार्वजनिक म्हटलं की मशीन शेजाऱ्यांपासून लपून बसतं. विंडोज ७ने २००९मध्ये 'होमग्रुप' आणून हे सगळं सोपं करायचा प्रयत्न केला. २०१८मध्ये तो विंडोज १०मधून काढून टाकला गेला.

सगळ्यात मोठं दार मात्र लागलं २०१७मध्ये. एसएमबीची पहिली आवृत्ती तोवर तीस वर्षांहून जुनी झाली होती. तिच्यातली एक चूक वापरून मशीनमध्ये शिरणारं 'इटर्नलब्लू' नावाचं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून चोरीला गेलं होतं, असं मायक्रोसॉफ्टनेच जाहीरपणे सांगितलं. १४ मार्चला दुरुस्ती आली. ज्यांनी ती लावली नाही, त्यांच्यापर्यंत १२ मेला 'वॉनाक्राय' पोचलं. त्याला कुणी लिंकवर क्लिक करायची गरज नव्हती. एक मशीन शेजारच्या मशीनचं दार ठोठावायचं आणि आत शिरायचं. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक मशीन्समधल्या फाइली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या.

२७ जूनला 'नॉटपेट्या' आलं. त्याच्याकडेही पसरायला हे हत्यार होतं. मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी त्यात सापडली, आणि झळ थेट आपल्या न्हावा शेव्याला बसली. जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्याच समूहाचं टर्मिनल विस्कळीत झालं, कंटेनर अडकून पडले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १०च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती बाय डिफॉल्ट बंद झाली. तिच्यासोबत त्या निवडणुकाही संपल्या, कारण शेजाऱ्यांची ती जुनी यादी याच आवृत्तीवर उभी होती. २०२४च्या विंडोज ११ प्रोने पाहुणा म्हणून, पासवर्डविना, दुसऱ्या मशीनवर जाणंही बंद केलं आणि प्रत्येक निरोपावर डिजिटल सही सक्तीची केली. ही सही पासवर्डवरून तयार होते. पासवर्डच नसलेला पाहुणा सही करणार कशी?

आता पुन्हा आपल्या डेस्कटॉपकडे. आधी यादीवरचा भरवसा सोडा. डेस्कटॉपचा आयपी पत्ता पाहा आणि लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यापुढे तो टाका. फोल्डर उघडलं, तर शेअरिंग धडधाकट आहे, बिघाड फक्त नावाच्या यादीत आहे. काहीच उत्तर आलं नाही, तर दोन्ही मशीन्स खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का पाहा. राउटरचं 'गेस्ट' वाय-फाय मशीन्सना एकमेकांपासून सहसा वेगळं ठेवतं. मग दोन्हीकडे नेटवर्क 'प्रायव्हेट' करा आणि डेस्कटॉपवर शेअरिंग चालू आहे ना ते तपासा. पासवर्ड मागितला, तर डेस्कटॉपवर पासवर्ड असलेलं खातं तयार करा, फोटोंच्या फोल्डरवर त्याला परवानगी द्या आणि लॅपटॉपवर तेच नाव, तोच पासवर्ड टाका.

एवढं करूनही जमलं नाही, तर कुणीतरी हमखास सांगेल, 'एसएमबी १ चालू कर, लगेच होतं.' खरंच होतं. पण न्हावा शेव्यापर्यंत पोचलेलं दार ते हेच. डेस्कटॉप एक्सपीवर असेल, तर त्याला दुसरी भाषा येतच नाही. त्याला शिकवत बसू नका आणि त्याच्यासाठी नव्या लॅपटॉपचं दारही उघडू नका. पेनड्राइव्ह घ्या, किंवा त्याची डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि फोटो उतरवून घ्या. फक्त ते या रविवारीच करा. दहा-बारा वर्षांची हार्ड डिस्क कधी बंद पडेल, याचा नेम नसतो.