तांब्याचा पत्रा आणि लोखंडी बोल्ट

मंडळी, या शनिवारी जरा वेगळा विषय. शिडाच्या जहाजांचे बोल्ट!

काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या निमित्ताने उत्तर इंग्लंडमध्ये होतो. एका वीकेंडला बाकीची मंडळी शॉपिंगला गेली आणि मी हार्टलपूलला गेलो. तिथे गोदीत 'ट्रिंकोमाली' नावाची जुनी लढाऊ फ्रिगेट उभी आहे. आत शिरल्यावर कळलं की ही बाई आपल्या मुंबईची! १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानातून बांधलेली. छाती उगाचच दोन इंच फुगली. पण परत आल्यावर त्या काळच्या जहाजांबद्दल वाचायला लागलो आणि अडकलो तो बोल्टांमध्ये.

तर प्रॉब्लेम असा होता. लाकडी जहाज गरम पाण्याच्या समुद्रात गेलं की टेरेडो नावाचा किडा तळाच्या फळ्या आतून पोखरायचा. शिवाय तळावर शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटून जहाजाचा वेग पार मंदावायचा. ब्रिटिश आरमाराने यावर १७६१ साली एक प्रयोग केला. 'अलार्म' नावाच्या ३२ तोफांच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडीजला धाडलं.

१७६३ मध्ये तिचा तळ तपासला तर काय, किडा नाही, शेवाळ नाही, एकदम स्वच्छ! पण पत्रे ठोकायला वापरलेले लोखंडी खिळे, सुकाणूचं लोखंडी सामान, सगळं गंजून खलास. गंमत म्हणजे काही खिळे मात्र धडधाकट होते. का? तर तांब्याचे पत्रे ब्राउन पेपरमध्ये गुंडाळून आले होते (हो, आपण शाळेत वह्यांना घालायचो तसाच) आणि कामगारांनी तो न काढताच पत्रे ठोकले होते. जिथे कागदाचा तुकडा तांबं आणि लोखंडाच्या मध्ये टिकला, तिथे लोखंडही टिकलं. निष्कर्ष सरळ होता: समुद्राच्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटू देऊ नका.

आज आपल्याला कारण माहीत आहे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे चक्क बॅटरी. त्यात लोखंड झिजतं आणि तांबं वाचतं. पण व्होल्टाने पहिली बॅटरी केली ती १८०० साली. १७६३ मध्ये हातात होतं ते फक्त निरीक्षण. आणि निरीक्षण अगदी अचूक होतं.

आता खरी गोष्ट. १७७९ साल. अमेरिकेत युद्ध पेटलेलं, त्यात फ्रान्स आणि स्पेनही उतरलेले, जहाजं कमी पडतायत. नौदलाचा कारभार बघणाऱ्या चार्ल्स मिडलटनने ठरवलं की सगळ्या ताफ्याला तांबं लावायचं. चांगल्या वेगाची, वारंवार गोदीत न येणारी जहाजं हवीच होती. मग लोखंडी बोल्टांचं काय? तर त्यांच्यावर जाड कागद, वर लेप, आणि मग पत्रा. म्हणजे तोच ब्राउन पेपर, या वेळी मुद्दाम लावलेला! अवघ्या दोन-तीन वर्षांत बहुतेक ताफा तांब्याने मढला. डेडलाइन गाठली, सगळे खूष.

पण लाकडी जहाज लाटांवर सतत वाकतं, करकरतं. कागद फाटतो, पाणी आत शिरतं. आणि हे काही पत्र्याचे छोटे खिळे नव्हेत, अख्खं जहाज धरून ठेवणारे जाडजूड बोल्ट. ते लाकडात गाडलेले, वरून तांबं. आत काय चाललंय ते दिसणार कसं? बाहेरून डोकं ठीक, आतून दांडा सुतासारखा बारीक.

सप्टेंबर १७८२ मध्ये जमैकाहून इंग्लंडला निघालेला ताफा अटलांटिकमध्ये भयंकर वादळात सापडला. 'रॅमिलीज', 'सेंटॉर' ही मोठी लढाऊ जहाजं गेली. सगळ्या ताफ्यात मिळून सुमारे ३,५०० माणसं गेल्याचं सांगतात. 'सेंटॉर'चा कॅप्टन इंगलफील्ड आणि मोजकी माणसं एका उघड्या होडीतून कशीबशी जगली. वादळ हे कारण होतंच, पण संशय त्या न दिसणाऱ्या बोल्टांवरही गेला. युद्ध संपल्यावर तर तांबंच काढून टाकावं इथपर्यंत चर्चा आली.

सुटका केली ती नव्या बोल्टांनी. नुसतं तांबं मऊ, कठीण ओकमध्ये ठोकताना वाकतं. मग विल्यम फोर्ब्सने तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू वापरला. दुसरीकडे खाणमालक थॉमस विल्यम्सच्या माणसांनी तांब्याचे दांडे थंड असतानाच रोलरमधून दाबून कडक केले. १७८६ मध्ये निर्णय झाला: सगळ्या आरमाराचे लोखंडी बोल्ट काढून नवे घालायचे. विचार करा, प्रत्येक जहाज सुक्या गोदीत घ्या, पत्रे उचका, जुना बोल्ट हाणून बाहेर काढा, नवा ठोका. असं शेकडो वेळा, आणि मग पुढचं जहाज. काही वर्षं हेच काम चाललं. या कामाचं चित्र कुणी काढलं नाही, पण तांब्याचा पत्रा खऱ्या अर्थाने यशस्वी झाला तो या कामामुळे. 'ट्रिंकोमाली' बांधली गेली तोवर हा धडा शिकून झाला होता.

मला राहूनराहून वाटतं ते १७६३ च्या त्या निष्कर्षाचं. चूक अज्ञानाची नव्हती. माहिती होती, लिहिलेली होती, फक्त घाईच्या वेळी "कागद लावू, चालेल" असं ठरलं. आणि खरं सांगू, १७७९ साली मिडलटनच्या खुर्चीत मी असतो तर मीही तेच केलं असतं. शत्रू दारात असताना बोल्ट कोण बदलणार? माझा आक्षेप कागद लावण्याला नाहीच. कागद लावलाय हे विसरून जहाज भर समुद्रात पाठवत राहण्याला आहे. किंमत मोजली ती खाली झोपलेल्या खलाशांनी, ज्यांना त्या कागदाची कल्पनाही नव्हती.

आमच्या सिस्टिममध्येही एक कॉमेंट आहे: "तात्पुरता उपाय, नंतर नीट करणे." लिहिणारा मीच. तारीख बघितली, तीन वर्षं झाली. वरून सगळं चकचकीत चाललंय.

असो. सोमवारी पहिलं काम, पत्रा उचकून बोल्ट बघायचा. पुढच्या शनिवारी भेटूच!