वरच्या दुधाची कहाणी

मातेच्या दुधाला पर्याय शोधण्याचा प्रश्न फार प्राचीन आहे. एखादी माता बाळंतपणांत दगावते, एखादीला दूधच येत नाहीं, एखादी दीर्घ दुखण्यानें अंथरुणाला खिळते. आणि भुकेलें मूल तर कोणासाठींच थांबत नाहीं. अशा मुलासाठीं आयुर्वेदाच्या आचार्यांनीं धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, नेमावयास सांगितलें. अंगावरचें दूध मिळतच नसेल तर शेळीचें किंवा गाईचें दूध लघुपंचमुळांनीं सिद्ध करून व साखर घालून पाजावें, असें वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदयां’त म्हटलें आहे. मराठी घरांत ज्याला ‘वरचें दूध’ म्हणतात, त्याचें हें एक जुनें रूप. दूध वनस्पतींसह सिद्ध करावयाचें म्हणजे तें विस्तवावर चढणारच. जंतूंचें नांवहि जगाला ठाऊक नव्हतें त्या काळीं ही एक मोठी खबरदारी रीतींतच सामावलेली होती. पुढील इतिहास पाहिला म्हणजे या साध्या गोष्टीचें मोल कळून येतें.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांत कारखाने वाढले आणि शहरें फुगलीं. गिरणींत कामाला जाणाऱ्या मातांचीं मुलें घरीं राहूं लागलीं, व त्यांच्यासाठीं दूध दूरच्या खेड्यांतून येऊं लागलें. याच सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यापुढें हा प्रश्न स्वतःच्या नातवंडांमुळें उभा राहिला. त्यांच्या मुलीला अंगावर पाजणें शक्य नव्हतें. गाईचें दूध, गव्हाचें पीठ, मोड आणलेल्या धान्याचें पीठ आणि थोडा क्षार यांचें मिश्रण त्यांनीं १८६५ सालीं प्रसिद्ध केलें. घटकांचें प्रमाण मातेच्या दुधाशीं जुळलें कीं तें अन्न मातेच्या दुधाच्या तोडीचें झालें, अशी त्यांची धारणा होती. परंतु १८६७ सालीं पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ देपॉल यांनीं चार नवजात अर्भकांना हें अन्न देऊन पाहिलें, तों चारहि अर्भकें थोड्याच दिवसांत मरण पावलीं. त्यावरून तेथील वैद्यक अकादमींत मोठा वाद माजला. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडमध्यें व्हेवे गांवीं आंरी नेस्ले यांनीं दूध, साखर व गव्हाचें पीठ यांची भुकटी विक्रीस आणली. तींत केवळ पाणी घालून शिजवावयाचें, एवढेंच काम घरीं उरलें. मात्र तें पाणी कसें असावें व भांडें कसें असावें, याकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें.

अन्नाइतकाच घात भांड्यानेंहि केला. व्हिक्टोरिया राणीच्या काळांत इंग्लंडांत कांचेची चपटी बाटली, तिला रबराची लांब नळी व नळीच्या टोंकाला बूच, अशी योजना लोकप्रिय झाली. बाटली उशाशीं ठेवून दिली कीं मूल स्वतःच चोखीत पडे आणि आईचे हात मोकळे होत. परंतु ती नळी आंतून स्वच्छ करतां येत नसे. आंत दुधाचा थर आंबे, आणि प्रत्येक घोटाबरोबर तें विष बाळाच्या पोटांत जाई. गृहिणींचा मार्गदर्शक म्हणून गाजलेल्या मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या ग्रंथांतहि, बाटलीला एकदां बसविलेलें बोंड कित्येक दिवस काढूं नये, असा सल्ला होता! पुढें या बाटल्यांना ‘खुनी बाटल्या’ हें नांव पडलें. फ्रान्सनें तर १९१० सालीं लांब नळीच्या बाटल्यांवर कायद्यानें बंदी घातली. इंग्लंड व वेल्समध्यें १८९९ सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांमागें १६३ मुलें वर्षाच्या आंत मृत्यूच्या दाढेंत गेलीं. उन्हाळ्यांतील अतिसार हें त्याचें एक प्रमुख कारण होतें, व त्याचा तडाखा बाटलीच्या दुधावरील मुलांना सर्वांत अधिक बसे. या माता निष्काळजी नव्हत्या. जें सोयीचें म्हणून दुकानांत मिळालें आणि शिफारशीचें म्हणून पुस्तकांत छापलें गेलें, त्यावर त्यांनीं विश्वास ठेविला, एवढाच त्यांचा अपराध.

पाश्चर यांच्या संशोधनानें पदार्थ नासण्यामागील सूक्ष्म जंतु जगाच्या ध्यानीं आले, तेव्हां या अनर्थावर इलाज सांपडला. १८८६ सालीं फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनीं घरीं वापरण्याजोगें एक उपकरण सुचविलें. दिवसांतील प्रत्येक वेळेसाठीं एकेक लहान बाटली भरावयाची, सर्व बाटल्या एकाच भांड्यांतील पाण्यांत उकळावयाच्या, त्यांचीं तोंडें बंद राखावयाचीं, आणि पाजण्याच्या वेळींच एकेक उघडावयाची. पॅरिसमध्यें डॉक्टर प्येर ब्युदँ यांनीं १८९२ सालीं मातांसाठीं सल्लाकेंद्र काढलें. तेथें मुलांचें वजन नियमानें होई, अंगावर पाजण्यास उत्तेजन मिळे, आणि ज्यांना तें शक्य नसे त्यांना निर्जंतुक दूध दिलें जाई. १८९४ सालीं फेकां येथें डॉक्टर द्युफूर यांनीं ‘दुधाचा थेंब’ या नांवाची संस्था काढली. न्यूयॉर्कमध्यें नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्यानें १८९३ पासून गरिबांसाठीं शुद्ध दुधाचीं केंद्रें चालविलीं. या सर्व उद्योगांत दुधाबरोबर एक शिकवणहि घरोघर गेली: दूध चांगलें असणें पुरेसें नाहीं, तें मुलाच्या ओठापर्यंत चांगलें राहिलें पाहिजे.

विसाव्या शतकांत दुधाच्या भुकटीचे डबे सर्वत्र पसरले. न्यूझीलंडच्या दुधापासून केलेल्या भुकटीसाठीं ‘ग्लॅक्सो’ हें नांव १९०६ सालीं नोंदलें गेलें, व १९२४ सालीं तिच्या विक्रीसाठीं मुंबईंत एक कंपनी स्थापन झाली. हिंदुस्थानांत दूध मुख्यतः म्हशीचें, आणि त्याची भुकटी होणार नाहीं, असें परदेशी तज्ज्ञांचें मत होतें. आणंद येथें १९४६ सालीं उभ्या राहिलेल्या सहकारी दूधसंघानें, हरिचंद दलाया यांच्या प्रयत्नांनीं, १९५५ सालीं तें खोटें ठरविलें. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेनें म्हशीच्या दुधापासून बाळांसाठीं योग्य अन्न करण्याची कृति सिद्ध केली, आणि परदेशी डब्यावांचून भागूं लागलें.

परंतु डबा घरांत आला म्हणून धोका गेला नाहीं. १९३९ सालीं सिंगापुरांत डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनीं ‘दूध आणि खून’ अशा कठोर नांवाचें भाषण केलें. गोड आटीव दूध तान्ह्या मुलांचें अन्न म्हणून खपविणाऱ्यांवर त्यांचा रोख होता. पुढें अनेक गरीब देशांत, डबा पुरावा म्हणून भुकटी पातळ केली जाते, पाणी दूषित असतें, आणि मुलें सुकत जातात, असें आढळून आलें. त्यामुळें १९८१ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें अशा अन्नाच्या विक्रीचे नियम घालून दिले, व १९९२ सालीं भारतानें त्यासाठीं कायदा केला.

२००१ सालीं आणखी एक धडा मिळाला. अमेरिकेच्या टेनेसी राज्यांत, रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत असलेलें एक अर्भक मेंदूच्या आवरणाच्या दाहानें दगावलें. त्या रोगाचे जंतु भुकटीच्या त्याच खेपेंतील न उघडलेल्या डब्यांतहि सांपडले! भुकटी कोरडी असते, निर्जंतुक नसते, हें तेव्हां सर्वांना कळलें. पुढें या जंतूच्या जातीला ग्रीक पुराणांतील क्रोनोसवरून ‘क्रोनोबॅक्टर’ हें नांव मिळालें. क्रोनोस हा आपलींच मुलें गिळणारा देव. पूतनेची कथा ऐकत वाढलेल्या मराठी मनाला या नांवाचा अर्थ सांगावा लागणार नाहीं.

त्यानंतर २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें घरगुती कृतीचे नियम प्रसिद्ध केले. आधीं हात साबणानें धुवावे. बाटली व बूच घासून, धुऊन, पाण्यांत पूर्ण बुडवून उकळावीं. पिण्याचें पाणी खळखळून उकळावें, आणि अर्ध्या तासाच्या आंत, म्हणजे तें ७० अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरण्यापूर्वीं वापरावें. कारण भुकटींतील जंतु त्या उष्णतेनेंच मरतात. बाटलींत आधीं पाणी मोजावें, मग डब्यावर सांगितल्याप्रमाणें सपाट मापानें भुकटी घालावी. मापांत कमी नाहीं व अधिकहि नाहीं. मिसळल्यावर बंद बाटली थंड पाण्यांत धरून निववावी, व मनगटाच्या आंतल्या बाजूस थेंब टाकून कोमट असल्याची खात्री करावी. दूध दर वेळीं ताजें करावें. दोन तासांत न संपलेलें टाकून द्यावें. अपुऱ्या दिवसांचें किंवा दुबळें मूल असेल तर वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि जेथें अंगावरचें दूध मिळतें, तेथें पहिले सहा महिने दुसऱ्या कशाचीच गरज नाहीं.

लीबिग यांच्या मिश्रणापासून आजच्या डब्यापर्यंत अन्नांत पुष्कळ सुधारणा झाली. तरीहि त्या अन्नाची शेवटची कृति कारखान्यांत होत नाहीं. ती घरच्या चुलीपाशींच होते. जेथें तिच्याकडे दुर्लक्ष झालें, तेथें लहानग्यांनीं त्याची किंमत दिली. म्हणून मध्यरात्रीं रडणाऱ्या मुलासाठीं डोळे चोळीत उठून जी आई किंवा आजी पुन्हां ताजें पाणी उकळीत ठेवते, ती काम वाढवीत नसते. त्या सर्व गेलेल्या बाळांनीं शिकविलेला धडाच ती गिरवीत असते.