आकाशातून काढलेला नकाशा आणि जमिनीवरचं पाऊल

मंडळी, आज आपण सात रस्त्यावर जमलो आहोत, तर सुरुवात इथूनच करू. समजा, कुणी विमानातून या चौकाचा फोटो काढला. सगळे रस्ते एका जागी मिळालेले स्पष्ट दिसतील. पण हा चौक पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे आहे, हे नुसत्या फोटोवरून कळणार नाही. कुणाला तरी इथं उभं राहून जागा मोजावी लागेल.

अंटार्क्टिकाच्या नकाशाचं असंच झालं. १९३८-३९ मध्ये जर्मन मोहिमेनं जहाजावरून दोन विमानं उडवली, हजारो फोटो काढले. बर्फातून वर आलेल्या एका खडकाळ पट्ट्याला शिरमाकर या वैमानिकाचं नाव मिळालं. पण जमिनीवर मोजलेले पक्के बिंदूच नव्हते. त्यामुळे त्या नकाशावर भरवसा ठेवता येईना.

आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली. डॉ. कासिम प्रमुख, एकूण २१ जण. ९ जानेवारी १९८२ ला ते तिथं उतरले. १९८३ च्या सप्टेंबरात भारताला अंटार्क्टिक करारात मताचा अधिकार मिळाला. तो नुसती सही करून मिळत नाही बरं का! तिथं भरीव संशोधन करून दाखवावं लागतं.

त्याच वर्षी निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत पहिल्यांदाच दोन भारतीय स्त्रिया होत्या. एक समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत, आपल्या औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या. दुसऱ्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. त्यांनी शिरमाकरचे खडक जवळून तपासले. थर कोणत्या दिशेला, किती अंशांनी कलला आहे, हे पाहायचं तर होकायंत्र घेऊन खडकापाशीच जावं लागतं.

याच मोहिमेनं ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं पहिलं केंद्र उभारलं, पण ते समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर. वर्षागणिक बर्फ साचत गेलं, केंद्र त्यात गाडलं गेलं आणि १९९० च्या सुमारास ते सोडावं लागलं. तोवर १९८९ मध्ये ‘मैत्री’ उभं राहिलं होतं. कुठे? त्याच शिरमाकरच्या खडकावर, जिथं आपल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी आधी पायपीट केली होती. ते आजही तिथं आहे.

म्हणून नकाशा हातात आला की आपण एक प्रश्न जरूर विचारावा : हा काढणारा तिथं उभा राहिला होता का?