खडकीचा डाव आणि फांशांचा हिशेब

सोंगटी एकाच दानांत घरीं जात नाहीं, हें सारीपाट खेळणाऱ्यास सांगावयास नको. परंतु भूमिका घेऊन खेळावयाच्या नव्या बैठ्या खेळांत हें साधें तत्त्व वारंवार विसरलें जातें. 1974 सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हे खेळ जगभर पसरले. त्यांत प्रत्येक गडी एका कल्पित व्यक्तीचें सोंग घेतो. तिचें कौशल्य अंकांत मांडलेलें असतें. त्या अंकांत फांशाचें दान मिळवून कार्य साधलें कीं फसलें, हें पंच ठरवितो. यांचा पूर्वज म्हणजे प्रशियाच्या राइसविट्झनें 1824 सालीं सिद्ध केलेला युद्धखेळ. त्यांतील एक फेरी दोन मिनिटांची! असल्या मापानें महिनोन्महिने चालणारें कार्य मोजावयाचें कसें, ही खरी अडचण आहे.

ती सोडविण्यास आम्हांस खडकीसारखा दाखला दुसरा दिसत नाहीं.

5 नोव्हेंबर 1817 ची लढाई आपण एका दानासारखी शिकतों: दलदलींत घोडे रुतले आणि डाव गेला. वस्तुतः डाव पांच महिने चालला होता. जूनमधील पुण्याच्या तहानें दुसऱ्या बाजीरावाचे हात बांधले गेले. ऑगस्टांत माहुलीस माल्कम भेटला आणि पेंढाऱ्यांविरुद्ध फौज जमविण्याचा सल्ला देऊन गेला. भरतीस आयतेंच निमित्त मिळालें. बापू गोखल्यांनीं फौज उभी केली. इंग्रजांकडील शिपाई फितविण्याचा यत्न मात्र फसला, आणि त्याचा सुगावा एल्फिन्स्टनला लागला. पंचानें येथें थांबून पाहावें. फसलेलें दान म्हणजे ‘कांहीं घडलें नाहीं’ असें नव्हे. प्रतिपक्ष सावध झाला, हें त्या दानाचें मोल.

शिवाय प्रतिपक्षही डाव खेळतच होता. 30 ऑक्टोबरला मुंबईची गोरी पलटण येऊन पोंचली. 1 नोव्हेंबरला एल्फिन्स्टननें छावणी गारपिरावरून खडकीस हलविली. म्हणून दीर्घ कार्याचे टप्पे पाडावे, प्रत्येक टप्प्यास निराळें दान मागावें, यश सांठवीत जावें, आणि शेजारीं शत्रूच्या कार्याच्याही रेघा ओढीत जाव्या. एकच खातें मांडणारा पंच अर्धाच खेळ खेळवितो.

दलदलीचें काय? ती म्हणे उभय पक्षांस ठाऊक नव्हती. तेव्हां तें शुद्ध फांशाचें दान, तें नाकारूं नये. पण त्या दिवशीं इंग्रजांकडील मेलेले व जखमी 86, मराठ्यांकडील सुमारें 500. एवढ्यानें एवढी मोठी फौज संपत नाहीं. खडकीचें इंग्रज सैन्य जेमतेम तीन हजारांच्या घरांत होतें. त्याच्यावर पुढील आठ दिवस दुसरा मोठा हल्ला झालाच नाहीं. 13 तारखेस जनरल स्मिथची फौज येऊन पोंचली, आणि 17 तारखेस पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें.