वेदनेचें अधिष्ठान : तंजावरच्या एका पोथीवरून

वऱ्हाडांत किन्हीराजा काय किंवा वाशिमकडील दुसरें कोणतेंहि गांव काय, दुखणाईत आपली व्यथा सांगतांना "गुडघा ठणकतो", "पाठींत चमक भरली" असेंच बोलतो. वाक्याचा कर्ता गुडघाच. जेथें दुखतें तेथेंच दुखण्याचें मूळ, हें भाषेनें गृहीत धरलेलें आहे. मग जखम भरून वर्ष लोटलें तरी कळ कां राहते? आमच्या वैद्यकग्रंथांत ह्याचा शोध घेऊं लागतां एका पोथीपाशीं थांबावें लागतें.

ती पोथी भेलसंहितेची होय. भेल हा अग्निवेशाचा सहाध्यायी; दोघेहि पुनर्वसु आत्रेयाचे शिष्य. अग्निवेशाचें तंत्र चरकाच्या संस्कारानें सर्वत्र पसरलें. भेलाचें तंत्र मात्र, मध्य आशियांत मिळालेला एक त्रुटित अंश सोडला तर, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांतील तेलुगु लिपींतल्या एकाच प्रतीवर जगलें. बर्नेलच्या १८८० च्या सूचींत तिची नोंद आहे; तीवरूनच कलकत्ता विश्वविद्यालयानें १९२१ सालीं ग्रंथ छापला. प्रत खंडित, पाठ जागोजाग भ्रष्ट. नायकांच्या वेळचें हें भांडार भोसल्यांनीं राखलें, व वैद्यकाची विशेष गोडी असलेल्या सरफोजी राजांनीं (कारकीर्द १७९८–१८३२) तें वाढविलें. एकच प्रत उरणें म्हणजे काय, हें संग्राहकांस निराळें सांगावयास नको.

ह्या संहितेंत उन्मादचिकित्सेच्या प्रसंगानें मनाचें स्थान मस्तक व टाळू यांच्या मध्यें सांगितलें असून चित्त हृदयाच्या ठायीं मानलें आहे. चरक चेतनेचें स्थान हृदय मानतो. परंतु त्याच्या शारीरस्थानांत वेदनेचें अधिष्ठान म्हणून मन आणि सेंद्रिय देह अशीं दोन्ही सांगितलीं आहेत. केस, नखाग्रें, मल हीं त्यांतून वगळलीं आहेत. नुसता देह वेदनेला पुरत नाहीं, हें मत त्यांत स्पष्ट आहे.

एवढ्यावरून प्राचीनांस मेंदूचें सर्व ज्ञान होतें असें म्हणणारे उत्साही लेखक निघतात; त्यांचें मत मला मान्य नाहीं. चरकाच्या ह्या प्रकरणांत वेदना म्हणजे सुख व दुःख दोन्ही, आणि भेलाचें प्रकरण उन्मादाचें आहे, शूलाचें नव्हे.

युरोपांतहि ही वाट सरळ गेली नाहीं. देकार्तच्या १६६४ त मरणोत्तर छापलेल्या ग्रंथांत पायाला चटका बसावा व मेंदूंत दोरीनें घंटा वाजावी, अशी कल्पना होती. ती फार काळ टिकली. दुसऱ्या महायुद्धांत बीचर ह्या डॉक्टरास आढळलें कीं, गंभीर जखमी सैनिकांपैकीं पुष्कळांस वेदनाशामक औषध नकोच होतें; हें त्यानें १९४६ त प्रसिद्ध केलें. १९६५ त मेल्झॅक व वॉल यांनीं मज्जारज्जूंत एक द्वार कल्पिलें : शरीराकडून येणारा निरोप तेथें अडतो किंवा सुटतो, व मेंदूकडून खालीं येणारे संदेशहि तें द्वार उघडतात-मिटतात. १९८३ त वुल्फ यानें दाखविलें कीं, इजेनंतर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील बनतो. मग हलका स्पर्शहि दुखतो. तीन महिन्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या दुखण्यांत हें पुष्कळदां घडतें, आणि भीति, चिंता व जागरण त्यांत भर घालतात. म्हणून इजा दिसत नाहीं एवढ्यावरून रोग्यास "मनाचा खेळ" म्हणून वाटेस लावणें अशास्त्रीय आहे. वेदना खरीच असते.

संशोधकांशीं ह्याचा संबंध असा. घरगुती वैद्यकी बाडांत शूल, उसण, अर्धशिशी यांवर लेप-शेकाबरोबर मंत्र, दोरे, उतारे लिहिलेले असतात. नक्कल करतांना औषध तेवढें उतरून घ्यावयाचें व बाकीचें भाबडेपणा म्हणून गाळावयाचें, ही आमच्याकडील जुनी खोड. १९७८ त लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स यांनीं दांत काढलेल्या रोग्यांवर प्रयोग केले. बनावट औषधानें मिळणारा आराम अफूविरोधी द्रव्य दिल्यावर नाहींसा होतो, असें त्यांना दिसलें. म्हणजे रोग्याच्या अपेक्षेनें शरीरांतच वेदनाशामक द्रव्य सुटतें. मंत्रानें हाड सांधत नाहीं. पण कळ कां उतरे, याचा पुरावा गाळलेल्या त्या ओळींतच असावयाचा.

रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितसूचींत कारंज्याच्या जैन भांडारांची नोंद आहे. घरोघरचीं बाडें अशा सूचींत सहसा येत नाहींत. किन्हीराजा, मालेगांव, रिसोड ह्या बाजूस ज्यांच्याकडे वैद्यकी बाडें असतील, त्यांनीं त्यांची नक्कल मंत्र-उताऱ्यांसकट, पानांचा क्रम न बदलतां करावी, व समासांतील टिपाहि सोडूं नयेत.