क्लीव्हलंडच्या विमान-शर्यतींचा अस्त

दुसरे महायुद्ध संपताच अमेरिकन सरकारपुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला : हजारो लढाऊ विमानांचे करावयाचे काय? पुष्कळशी वितळविण्यात आली. काही मातीमोल विकली गेली. दोन एंजिनांचे लॉकहीड पी-३८ हे विमान १,२५० डॉलरांना, तर पी-५१ मस्टँग ३,५०० डॉलरांना मिळू लागले. १९३९ नंतर खंडित झालेल्या क्लीव्हलंडच्या राष्ट्रीय विमान-शर्यती १९४६ साली पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा त्यांचे स्वरूपच पालटलेले होते. पूर्वी टॉम्सन करंडकासाठी धावणारी विमाने बहुधा शर्यतीकरिताच घडविलेली असत. आता कल्पक रचनाकाराची जागा लष्करी भंगाराच्या बाजाराने घेतली.

वेग मात्र वाढला. १९३९ मध्ये रॉस्को टर्नर ताशी २८२ मैलांनी जिंकला होता. १९४७ व १९४९ मध्ये माजी नौदल वैमानिक कुक क्लीलंड याने अठ्ठावीस सिलिंडरांचे एंजिन असलेल्या कॉर्सेअरमधून ३९६ व ३९७ मैलांची सरासरी गाठली. उंच मनोरे डाव्या हाताला ठेवून, विमान जवळजवळ आडवे करून, जमिनीलगत घ्यावयाची ही वळणे होती. शरीरावर व यंत्रावर पडणारा भार अशा वेळी कित्येक पटींनी वाढतो.

५ सप्टेंबर १९४९ रोजी बिल ओडम याचे ‘बेगीन’ नावाचे मस्टँग दुसऱ्याच फेरीत बेरिया येथील एका घरावर कोसळले. पोटाखालील रेडिएटर काढून पंखांच्या टोकांशी बसविलेले हे विमान विलक्षण वेगवान होते. ओडम लांब पल्ल्याच्या उड्डाणांत विख्यात होता. मनोऱ्यांभोवतीचा त्याचा अनुभव तुटपुंजा होता. त्याच्यासह घरातील माता व तिचे तान्हे मूल मृत्युमुखी पडले.

शर्यती या अपघाताने बंद पडल्या असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य होय. वैमानिकांचे मृत्यू तेथे नवे नव्हते; १९४६ मध्ये स्पर्धेपूर्वीच जॅक वूलम्स, तर १९४७ मध्ये टोनी जनाझो बळी पडला होता. नवे होते ते शर्यतीशी संबंध नसलेल्या गृहस्थाच्या घरात शिरलेले मरण. शिवाय जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि लष्कराचे लक्ष तिकडे वळले. त्याहून मूलगामी कारण १९४६ मध्येच दिसले होते : त्याच करंडकाच्या जेट विभागात पी-८० विमानाने ५१५ मैलांची सरासरी नोंदविली, तर पंख्याच्या विमानांतील विजेत्या पी-३९ ची ३७३ होती. वेगाची सीमा जेथे आखली जात होती, तेथे ही लिलावातील विमाने उरलीच नव्हती.

१९६४ साली नेव्हाडातील रीनोजवळ, विरळ वस्तीच्या माळावर, ही स्पर्धा पुनरुज्जीवित झाली व २०२३ पर्यंत चालली. घरे दूर राहिली. प्रेक्षक मात्र जवळच होते. २०११ मध्ये तेथे ‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग शेपटीवरील समतोल-पट्टीच्या कंपनामुळे अनावर होऊन आदळले आणि वैमानिकासह अकरा जण दगावले. हेच विमान १९४६ ते १९४९ या काळात क्लीव्हलंडला धावले होते.